वसईच्या पाडावानंतरचे पाद्री

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या सडकेवर अंबाडीच्या नाक्याला जो फाटा फुटतो तो गणेशपुरी-वज्रेश्वरीवरून पुढे वसईच्या मुलखात उतरतो, आणि या वाटेने देवीच्या दर्शनास निघालेल्या यात्रेकरूला ते किल्ल्यासारखे देवालय पाहून चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेत केलेल्या नवसाची कथा हटकून आठवते. मे 1739 मध्ये पोर्तुगीजांची वसई तहाने मराठ्यांच्या हाती आली आणि पुढे नवसही फेडला गेला. तथापि पोर्तुगीज राजाची प्रजा असलेली जी सहस्रावधी कॅथोलिक कुटुंबे त्याच तहाने एका दिवसात पेशव्यांची रयत झाली, त्यांच्या वेदीपाशी उद्यापासून कोण उभे राहणार, हा प्रश्न विजयाच्या वर्णनांत सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न त्या धर्माच्या गाभ्याला भिडणारा होता. त्रेंतच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे गुरुदीक्षा हा सात संस्कारांपैकी एक असून तिची मुद्रा आत्म्यावर एकदा उमटली की कधीही पुसली जात नाही. बिशपने मस्तकावर हस्त ठेवून दीक्षाप्रार्थना म्हटली म्हणजे त्या पुरुषास जो अधिकार प्राप्त होतो तो त्याच्या विद्वत्तेवर वा शीलावरही अवलंबून नसतो. वेदीवर भाकर आणि द्राक्षारस हाती घेऊन तो जे शब्द उच्चारतो ते ख्रिस्ताच्या वतीने, किंबहुना ख्रिस्तच त्याच्या मुखाने उच्चारतो, अशी श्रद्धा आहे. प्रसंग पडल्यास स्नानसंस्कार कोणीही देऊ शकतो. परंतु मिस्सा, पापनिवेदन ऐकून दिलेली क्षमा आणि रुग्णाचा तैलाभ्यंग, यांना दीक्षित हातच लागतात. आपल्याकडील जोशीपणाच्या वतनासारखी बापामागून लेकाने ही वृत्ती चालवावी, तर लॅटिन परंपरेतला धर्मगुरू ब्रह्मचारी. म्हणून प्रत्येक पिढीला दीक्षा नव्याने आणि बिशपकडूनच मिळवावी लागते. सबब बिशपाशी असलेला दुवा तुटला, तर गावची मिस्सा एका पिढीतच बंद पडणार.

वसईत ती बंद पडली नाही. वसई पोर्तुगीजांकडे देणाऱ्या 1534 च्या तहानंतर येथे आलेल्या फ्रान्सिस्कन, येशूसंघीय आदी संघांचे युरोपीय धर्मगुरू पराभूत शिबंदीच्या पाठोपाठ निघून गेले, आणि त्यांच्या जागी मिस्सा चालविली ती गोव्याकडील एतद्देशीय पाद्र्यांनी. यातला उपरोध मला इतिहासाच्या अनेक भव्य प्रसंगांहून अधिक बोलका वाटतो, कारण शतकभरापूर्वी याच देशी माणसांच्या मस्तकावर हात ठेवायला गोव्याचे धर्माधिकारी नाखूश होते. दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण कुळातील मातेउश द काश्त्रु याला गोव्यात दीक्षा नाकारली गेली, तेव्हा त्याने थेट रोम गाठले, तेथे दीक्षा घेतली आणि 1637 मध्ये तो बिशपपदावर चढला. पुढे त्याने डिचोलीस, म्हणजे पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर आदिलशाही अंमलात, ठाण मांडले. वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया, ज्याला 1597 मध्ये नागासाकी येथे क्रुसावर मरण आले, तोदेखील फ्रान्सिस्कन संघाचा बंधूच होता. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्याला नव्हता. काश्त्रुसारख्यांनी हट्टाने मिळविलेला हक्क अठराव्या शतकात वसईच्या उपयोगी पडला.

पेशव्यांच्या अंमलापुढे मात्र एक विलक्षण अडचण होती: रयत मराठ्यांची, परंतु तिच्या पाद्र्यांना दीक्षा देणारा आर्चबिशप गोव्यात, शत्रूच्या निशाणाखाली. संशयखोर सरकारने हा संबंध मोडून काढला असता. पेशव्यांच्या सरकारने तो चालू दिला, आणि याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. 1760 च्या सुमारास साष्टीतून प्रवास केलेला फ्रेंच पंडित आंकेतील द्यू पेराँ याला ठाण्यात ख्रिस्ती उत्सव उघडपणे व थाटात चालताना दिसला, आणि तेथील धर्मगुरू देशी होते.

दीक्षा मात्र दीर्घकाळ परगावच्या बिशपाकडूनच येत राहिली. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत 1998 मध्ये झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे वसईतल्याच भुईगावचे.