कामबंदीतील कामगार आणि संघटनेचे प्रतिनिधित्व

पहूर (ता. जामनेर) : जळगाव-छत्रपती संभाजीनगर मार्गावरील पहूरसारख्या गावातील फिटर, टर्नर किंवा यंत्रचालकास कारखान्याची वाट एकीकडे जळगावच्या, तर दुसरीकडे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नेते. मागणी घटली की हेच कुशल हात प्रथम घरी बसतात. अशा वेळी कामगाराच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न भरपाईइतकाच महत्त्वाचा ठरतो.

कामबंदी आणि कपात

‘ले-ऑफ’ म्हणजे तात्पुरती कामबंदी. तीत नोकरी तुटत नाही, नाव हजेरीपटावर कायम राहते. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात एक वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगारास या काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. बदली व नैमित्तिक कामगार यातून वगळलेले आहेत. कपातीत मात्र नोकरी संपते. त्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन, तसेच सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. त्या-त्या वर्गात शेवटी आलेला कामगार प्रथम कमी करावा, असा सर्वसाधारण नियम आहे.

भरपाईसाठी कामगाराने ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा तरी कारखान्यात हजर राहणे आवश्यक असते. काम नाही म्हणून गावी परतणारा कामगार ही भरपाई गमावू शकतो. खान्देशातील जिनिंग-प्रेसिंगसारख्या कापसाच्या हंगामावर चालणाऱ्या उद्योगांत आणखी एक अडचण आहे. आस्थापना हंगामी ठरल्यास कामबंदीच्या भरपाईची तरतूदच लागू होत नाही.

गिरण्यांचा धडा

जळगावची खान्देश मिल आणि अमळनेर व धुळ्याच्या प्रताप मिल यांनी या भागात कुशल कामगारांच्या पिढ्या घडविल्या. साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू करून शेतकरी-कामगारांचे प्रश्न मांडले. पुढे गिरण्यांचे भोंगे थांबले. जळगावच्या गिरणीच्या जागी आज व्यापारी संकुल उभे आहे.

प्रतिनिधित्वाच्या वादाचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईचे आहे. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. परंतु मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ नुसार प्रातिनिधिक संघटनेचा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार एकीकडे आणि वाटाघाटीचा कायदेशीर अधिकार दुसरीकडे, अशी कोंडी झाली. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारो कामगारांच्या नोकऱ्या मात्र गेल्या.

नवी संहिता

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार, एकाहून अधिक संघटना असलेल्या आस्थापनेत हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. असे बहुमत कोणाकडेच नसल्यास किमान २० टक्के पाठिंब्याच्या संघटनांची वाटाघाटी परिषद स्थापन होते. कामबंदी, कपात वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची कामगारसंख्येची मर्यादा १०० वरून ३०० करण्यात आली आहे. त्यामुळे लहान व मध्यम कारखान्यांत संघटना हाच कामगाराचा पहिला आधार उरतो.

येथे हजेरीपटाचे महत्त्व लक्षात येते. कामबंदीतील कामगार पटावर असल्याने त्याचा पाठिंबा मोजला जातो. कपात झालेल्याचा व ठेकेदाराच्या पटावरील कामगाराचा नाही. म्हणून संघटना बळकट करण्याची वेळ कपातीपूर्वीची असते. मात्र कपात झालेला कामगार संघटनेचा पदाधिकारी होऊ शकतो. कायदा त्याला ‘बाहेरचा’ मानत नाही.

संघटना नसली, तरी कपातीविरुद्ध एकटा कामगार समेट अधिकाऱ्याकडे दाद मागू शकतो. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. नियुक्तीपत्र, वेतनचिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचा तपशील व हजेरीची नोंद जपून ठेवणे अशा वेळी उपयोगी पडते. वर्षभराच्या आत त्याच कामासाठी पुन्हा भरती झाल्यास कपात झालेल्या कामगारास प्राधान्य द्यावे लागते. ही भरती केव्हा होते, याची खबर मात्र कारखान्यातील संघटनाच ठेवू शकते.