वाशीम येथील लुप्त वास्तु, पेठा व वेशी

(१)

वऱ्हाडांतील वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म, व तें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें, ही गोष्ट आतां निर्विवाद झाली आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या पूर्वार्धापासून पांचव्या शतकाच्या अखेरपर्यंत, म्हणजे दीडशें वर्षांहून अधिक काळ, सर्वसेनापासून हरिषेणापर्यंतच्या राजांनीं येथून राज्य केलें. इतक्या दीर्घ काळांत येथें राजगृह, देवालयें, धान्याचीं कोठारें, ब्राह्मणांचीं व व्यापाऱ्यांचीं घरें आणि त्यांना जोडणारे रस्ते असलेच पाहिजेत. असें असतां वाकाटककालीन म्हणून बोट दाखवावें अशी एकहि इमारत आज गांवांत उभी नाहीं. एवढें मोठें नगर गेलें कोठें, असा प्रश्न इतिहासप्रेमी मनुष्याच्या मनांत उभा राहिल्यावांचून राहत नाहीं.

या प्रश्नाचें आमचें उत्तर असें कीं, नगर नाहींसें झालें, परंतु त्याचा नकाशा पुरता पुसला गेला नाहीं. भिंती पडतात, विटा दुसऱ्याच्या घरांत जातात. पण पाण्याची जागा सहसा बदलत नाहीं, आणि जागेचें नांव तर पाण्याहूनहि चिवट असतें. म्हणून लुप्त वास्तूंचा शोध दगडविटांपासून न आरंभितां लेख, तीर्थें आणि नांवें या तीन साक्षीदारांपासून आरंभावा, असें आम्हांस वाटतें. या तिघांच्या साक्षी एकमेकांशीं ताडून काय निष्पन्न होतें, तें येथें मांडूं.

(२)

पहिला साक्षीदार म्हणजे वाशीम येथील ताम्रपट. तो १९३९ सालीं पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांच्यामुळें प्रकाशांत आला, व त्याच वर्षीं कलकत्त्यास भरलेल्या भारतीय इतिहास परिषदेंत डॉ. य. खु. देशपांडे व श्री. महाजन यांनीं त्याची ओळख विद्वानांना करून दिली. पुढें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं त्याचें सविस्तर संपादन केलें. दुसऱ्या विंध्यशक्तीनें आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षीं दिलेलें हें दानपत्र वत्सगुल्माहून दिलेलें आहे. त्यांतील वंशावळीचा भाग संस्कृतांत असून दानाचा तपशील प्राकृतांत आहे. प्रवरसेन, त्याचा पुत्र सर्वसेन व त्याचा पुत्र विंध्यशक्ति असा वंशक्रम त्यांत स्पष्ट दिलेला आहे.

या पटाचें महत्त्व केवळ एका दानापुरतें नाहीं. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांत हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा मोठा शिलालेख आहे. त्यांतील वंशावळ पूर्वीच्या वाचकांना नीट लागलेली नव्हती. वाशीमचा पट हातीं आल्यावर मिराशींनीं तो लेख पुन्हां तपासला आणि तेथें सर्वसेनाचें नांव वाचलें. ज्याच्या ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा आनंदवर्धनानें गौरवानें उल्लेख केला, तो सर्वसेन राजा कोणत्या घराण्याचा व कोठला, हेंहि तेव्हांच उमगलें. एका गांवांतील चार पत्र्यांनीं एक राजवंश जागेवर बसविला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

नगररचनेच्या दृष्टीनें या पटांतील एक शब्द आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. दान दिलेलें आकासपद्द हें गांव नांदीकड, म्हणजे आजचें नांदेड, याच्या ‘उत्तर मार्गांत’ असल्याचें सांगितलें आहे. येथें ‘मार्ग’ हा मुलखाचा एक विभाग आहे, हें उघड आहे. परंतु विभागाला मार्ग हें नांव कां पडावें? ज्या वाटेनें कारभारी येत जात, सारा वाहून नेला जाई, त्या वाटेच्या दोहों बाजूंचीं गांवें त्या वाटेच्याच नांवानें ओळखलीं जाऊं लागलीं, असें अनुमान साहजिक आहे. नांदेड वाशीमच्या दक्षिणेस आहे. म्हणजे नांदेडचा उत्तर मार्ग हा वत्सगुल्माच्या दिशेचा मार्ग ठरतो. राजधानींतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांपैकीं निदान एकाची दिशा या एका शब्दानें हातीं लागते. गांवांतील जुने रस्ते शोधूं पाहणारानें दक्षिणेकडून आरंभ करावा, तो याचसाठीं.

(३)

दुसरा साक्षीदार पाणी. ‘वत्सगुल्ममाहात्म्य’ या संस्कृत स्थलपुराणांत वत्सऋषीचें तप व त्यासाठीं देवांचा येथें जमलेला गुल्म, म्हणजे समूह, यावरून नगराचें नांव पडल्याची कथा आहे. कामसूत्राच्या जयमंगला टीकेंत मात्र दक्षिणापथांतील वत्स व गुल्म या दोघां राजपुत्रांशीं हें नांव जोडिलें आहे. दोहोंपैकीं कोणतीहि कथा इतिहास म्हणून घेण्याचें कारण नाहीं. पण गांवाच्या नांवाची व्युत्पत्ति लावण्याची गरज निरनिराळ्या काळच्या लेखकांना भासली, एवढ्यावरून त्या नांवाची प्रतिष्ठा दिसते. राजशेखरानेंहि ‘काव्यमीमांसें’त विदर्भांतील वत्सगुल्म हें मदनाचें क्रीडास्थान म्हटलें असून काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह तेथेंच लाविला आहे. राजशेखर नवव्या-दहाव्या शतकांतला. म्हणजे वाकाटकांचें राज्य बुडून चारशें वर्षें लोटल्यावरहि नगराची कीर्ति कवींच्या कानांत घुमत होती.

माहात्म्याचा खरा उपयोग निराळाच आहे. वाशीमच्या परिसरांत १०८ तीर्थें असल्याची परंपरा आहे, आणि तीं तीर्थें म्हणजे बहुतांशीं पाण्याच्या जागा होत. त्यांपैकीं पद्मतीर्थ आजहि प्रसिद्ध आहे. तें विष्णूनें निर्मिलें, आणि पुढें त्यांत स्नान करून रोगमुक्त झालेल्या वासुकी राजानें तें वाढविलें, अशी लोककथा आहे. कथेंतील चमत्कार बाजूस ठेवला तरी उरतें तें हें कीं, आधीं लहान असलेलें कुंड मागाहून कोणा राजानें खोदून, बांधून मोठें केलें, अशी आठवण लोकांनीं जपली आहे. तळें बांधणें हें राजधानीचें लक्षण आहे. जेथें लोकवस्ती दाट, तेथें पाण्याचा सांठा मोठा. म्हणून तीर्थांची यादी हीच जुन्या वस्तीची यादी समजून ती नकाशावर मांडावी. ज्या बाजूस तीर्थें दाट, त्या बाजूस जुनें नगर शोधावें.

हें केवळ तर्काचें काम नाहीं. राजे व त्यांचे अधिकारी या भागांत तळीं बांधीत होते, याला शिलालेखाचा आधार आहे. वाशीमपासून सुमारें सहा मैलांवरील हिस्से-बोराळा येथें वाकाटक राजा देवसेन याच्या काळचा लेख मिळाला. त्यांत शक ३८०, म्हणजे इ. स. ४५७-५८, असा स्पष्ट काल दिला असून देवसेनाचा अधिकारी स्वामिल्लदेव यानें ‘सुदर्शन’ नांवाचें तळें बांधविल्याची नोंद आहे. आतां सुदर्शन हें नांव आमच्या वाचकांना नवें नाहीं. सौराष्ट्रांत गिरनारच्या पायथ्याशीं मौर्यांच्या काळापासूनचें सुदर्शन तळें होतें. त्याचा बांध फुटला असतां रुद्रदामन् क्षत्रपानें तो बांधल्याचें त्याच्या शिलालेखांत आहे. आणि स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यानें गुप्त संवत् १३७ मध्यें, म्हणजे इ. स. ४५६ च्या सुमारास, तो पुन्हां दुरुस्त केला. एकीकडे गिरनारचें सुदर्शन दुरुस्त होत आहे, आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच वाशीमजवळ दुसऱ्या सुदर्शनाचा लेख कोरला जात आहे! हा केवळ योगायोग असेल किंवा त्या कीर्तीचें अनुकरण असेल. पण वत्सगुल्माचे कारभारी दूरदेशींच्या थोर कामांशीं आपली तुलना करूं पाहत होते, असें मानण्यास हा पुरावा पुरेसा आहे.

येथेंच, इमारती कां उरल्या नाहींत, याचाहि उलगडा होतो. याच घराण्याच्या आश्रयाखालीं अजिंठ्यास जें डोंगरांत कोरलें गेलें, तें दीड हजार वर्षें टिकलें. नगरांत जें बांधलें गेलें, तें मुख्यतः विटा व लाकूड यांचें असावें. वाकाटकांच्या दुसऱ्या, म्हणजे नंदिवर्धनच्या शाखेचीं रामटेकजवळ मनसर येथें उत्खननांत निघालेलीं बांधकामें विटांचींच आहेत. मनसरला टेकड्यांनीं विटा झांकून ठेविल्या. वाशीम मात्र वस्तींत राहिलें, आणि वस्तीच्या गांवांत जुनी वीट कधीं पडून राहत नाहीं. जें गांव ओसाड पडतें त्याचे अवशेष राहतात; जें जगतें तें आपलेच अवशेष खातें.

(४)

तिसरा साक्षीदार नांव. अकबराच्या काळीं वाशीम हें वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें ठाणें होतें. ‘आईन-इ-अकबरी’ मध्यें बाशीम सरकारच्या वर्णनांत तेथील हटकरांचा उल्लेख असून त्यांचे एक हजार स्वार व पांच हजार प्यादे असल्याचें लिहिलें आहे. अशा बेडर लोकांच्या शेजारीं असलेल्या सरकारी ठाण्याला तट व वेशी असणें ओघानेंच आलें. आजच्या वाशिमांत काटीवेस, माहूरवेस अशीं मोहल्ल्यांचीं नांवें आहेत. नांवांत वेस आहे म्हणजे तेथें एके काळीं गांवाची सीमा होती. माहूरवेशींतून निघणारी वाट माहूरकडे, म्हणजे देवगिरीच्या काळापासून प्रसिद्ध असलेल्या किल्ल्याकडे व रेणुकेच्या क्षेत्राकडे जात असली पाहिजे. अशा वेशींच्या जागा नकाशावर खुणावून त्या एका रेषेनें जोडल्या, तर तटाचा घेर आपोआप उमटतो. मग तटाचा एक दगड शिल्लक नसला तरी चालेल.

वेशींच्या आंत पेठा. देवपेठ व शुक्रवार पेठ हीं नांवें मराठी अमलाची घडण दाखवितात. वारावरून पेठेस नांव देण्याची चाल पुण्यास पेशवाईंत रूढ होती, हें सर्वश्रुत आहे. पेठ वसावी एवढा व्यापार वाशिमांत होता काय? होता. १७६९ सालीं थोरले माधवराव पेशवे व जानोजी भोसले यांच्यांत कनकापुरास जो तह झाला, त्यांत वाशीम व बाळापूर येथें विणलेलें पांच हजार रुपयांचें कापड भोसल्यांनीं सालोसाल पेशव्यांस द्यावें, असें कलम होतें. तहाच्या कलमांत ज्या गांवच्या कापडाचें नांव येतें, त्या गांवीं मागांचे मोहल्ले, रंगाऱ्यांच्या जागा व कापडाचा बाजार असलाच पाहिजे. लुप्त वास्तूंत राजवाड्यांइतकीच ही मागांचीं घरेंहि मोजलीं पाहिजेत. त्यांचा शोध आजवर फारसा कोणीं मनावर घेतला नाहीं, ही खेदाची गोष्ट होय.

याच काळची, आणि सुदैवानें आजहि उभी असलेली वास्तु म्हणजे बालाजीचें देवालय. साबाजी भोसल्यांचा दिवाण भवानी काळू यानें तें बांधल्याची परंपरा असून त्याचा काळ कोठें १७७६ तर कोठें १७७९ असा दिलेला आढळतो. हीं दोन्ही सालें ताडून पाहतां एक गोष्ट नजरेस येते. साबाजी १७७५ च्या जानेवारींत मुधोजीशीं झालेल्या पांचगांवच्या लढाईंत मारला गेला. म्हणजे यांपैकीं कोणतेंहि साल धरलें तरी देवालय पुरें झालें तें धन्याच्या मरणानंतर. तेव्हां हें काम साबाजीच्या दरबाराचें नसून, धनी बदलल्यावरहि आपलें वजन राखून असलेल्या दिवाणाचें आहे, असें आम्ही समजतों. मूर्ति पूर्वीं भयास्तव जमिनींत लपविल्या होत्या व त्या पुढें सांपडल्या, ही देवालयाची कथाहि शोधकानें टिपून ठेवण्याजोगी आहे. कारण मूर्ति जेथें निघाल्या असें सांगतात, तेथें किंवा त्याच्या आसपास पूर्वींचें देवालय असण्याचा संभव अधिक.

(५)

लेख, तीर्थ व नांव या तीन साक्षींनीं नगराचा सांगाडा उभा राहतो. परंतु त्यावर घर न् घर, गल्ली न् गल्ली बसवावयाची, तर चौथा साक्षीदार पाहिजे. आणि तो आमच्या वाचकांच्याच संग्रहीं आहे. घराचें विक्रीखत, गहाणखत, वांटणीपत्र, पेठ वसविण्याचा कौल, शेटे-महाजनांच्या वतनाचा महजर, असे कागद पुष्कळांच्या दप्तरांत असतात. राजकारणाचा मजकूर नसल्यामुळें संग्राहक ते निरुपयोगी म्हणून खालीं टाकतात. वास्तविक अशा प्रत्येक खतांत चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस राजरस्ता, उत्तरेस बोळ, दक्षिणेस पडका वाडा. एका खतांतील पश्चिमेचा शेजारी दुसऱ्या खतांत पूर्वेचा शेजारी म्हणून भेटतो. अशीं वीस-पंचवीस खतें एकापुढें एक मांडलीं, म्हणजे एक अख्खी गल्ली कागदावर उभी राहते, आणि ‘पडका वाडा’ म्हणून ज्याची नुसती नोंद आहे त्याची नेमकी जागा कळते. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’नें स्थानें जशीं दिशांसह नोंदून ठेविलीं, तसेंच हें काम आहे, फरक इतकाच कीं, येथें पोथी तयार नसून ती खतांतून जुळवावयाची आहे.

उत्तरकाळासाठीं नगरपालिकेचे कागद उपयोगी पडतील. वाशीमची नगरपालिका १८६९ ची आहे. १९०५ पर्यंत वाशीम हा इंग्रजी वऱ्हाडांतील स्वतंत्र जिल्हा होता, त्या वर्षीं तो अकोल्यांत मिळविला गेला, आणि १९९८ सालीं पुन्हां वेगळा झाला. या फिरवाफिरवींत वाशीमचे कागद वाशिमांतच आहेत असें न धरतां अकोल्याचींहि दप्तरें पाहिलीं पाहिजेत. शहर वाढत असून शेजारचीं गांवें व शेतें त्यांत सामावत आहेत. अशा वेळीं शेतांचीं, नाल्यांचीं, टेकाडांचीं जुनीं नांवें सर्वांआधीं जातात, कारण नव्या वसाहतीस नवें नांव पडतें. पांढरीचें शेत सपाट झालें म्हणजे त्याखालची वीटहि गेली आणि तेथें वीट होती हें सांगणारें नांवहि गेलें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. ज्यांच्या जवळ वाशीम परगण्यांतील खतें असतील त्यांनीं निदान चतुःसीमेच्या ओळी, साल व पेठेचें नांव एवढें उतरून प्रसिद्ध करावें. ‘वत्सगुल्ममाहात्म्या’ची पोथी ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं तीर्थांची क्रमवार यादी व त्यांच्या दिशा द्याव्या. जे गांवांतच राहतात त्यांनीं वृद्धांच्या तोंडून विहिरी, बोळ, पार व वेशी यांचीं नांवें लिहून घ्यावीं. काम लहान दिसतें, पण १९३९ पूर्वीं तांब्याच्या त्या चार पत्र्यांचेंहि मोल कोणास ठाऊक होतें? ते तांबटाच्या भट्टींत गेले असते तर विंध्यशक्तीच्या दानाची वार्ताहि उरली नसती, आणि अजिंठ्याच्या भिंतीवर सर्वसेनाचें नांव असूनहि तें वाचण्यास कोणी धजला नसता. रद्दीच्या तराजूंत पडणाऱ्या विक्रीखताचीहि गोष्ट तीच आहे.