नांदायला ये, नाहीतर तुरुंगात जा

२२ नोव्हेंबर २०१७ ला गूगलच्या पहिल्या पानावर एका बाईंचं चित्र होतं. गळ्यात स्टेथोस्कोप, आजूबाजूला पेशंट बायका. डॉ. रखमाबाई राऊत, १५३ वी जयंती. ‘भारतातल्या सुरुवातीच्या महिला डॉक्टरांपैकी एक’ एवढं वाचून मी खिडकी बंद केली आणि कामाला लागलो. त्यांची खरी लढाई दवाखान्यात नाही, कोर्टात झाली, हे बरंच नंतर वाचलं.

तर झालं असं. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईतला. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत जे दोन भारतीय होते, त्यातले हे एक.) अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजीशी लागलं, पण त्या आईकडेच राहिल्या आणि वाचत राहिल्या. पुढे दादाजी न्यायला आला तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला. म्हणणं साधं होतं: हे लग्न मला न विचारता लावलं, मला ते मान्य नाही.

१८८४ मध्ये दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला. कायद्याच्या भाषेत ‘दाम्पत्याधिकारांची पुनःस्थापना’, आपल्या भाषेत बायकोला नांदायला पाठवा!

आता गंमत बघा. हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नाहीच. तो इंग्लंडमधल्या चर्चच्या कोर्टांतून आलेला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये नेमकं हेच बोट ठेवलं: हिंदू कायद्यात याला आधार नाही, आणि जे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत त्यांचं ‘पुनः’ काय स्थापन करणार? दावा फेटाळला.

मग गदारोळ. त्याच वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या सहीने बालविवाहावर पत्रं आली होती. ती रखमाबाईंचीच. सुधारक त्यांच्या बाजूने, तर टिळक ‘केसरी’तून विरोधात. परकीय न्यायाधीशाने आमच्या धर्मात ढवळाढवळ का करावी, हा विरोधकांचा मुद्दा. म्हणजे विलायती कायदा धर्माच्या नावाने वाचवायचा होता!

अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी कळवलं, तुरुंगात जाईन. आणि इंग्लंडने असल्या दाव्यांतली तुरुंगाची शिक्षा कधी काढून टाकली? १८८४ मध्ये. दादाजीने दावा लावला त्याच वर्षी. तिकडे जुनं व्हर्जन बंद झालं, इकडे चालूच.

व्हिक्टोरिया राणीने निकाल रद्द केला अशी गोष्ट नेटवर फिरत असते. प्रत्यक्षात शेवट इतका नाट्यमय नाही. १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, आणि सुरत-राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. त्यांच्या खटल्याने पेटलेल्या वादाचा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यालाही हातभार लागला. त्या कायद्याने वय १० वरून १२ झालं. फक्त १२.

मला मात्र ते दोन हजार रुपये टोचतात. रखमाबाई सुटल्या, कायदा तसाच राहिला. आपल्यापुरता वर्कअराउंड निघाला, बग फिक्स झालाच नाही.

त्या २५ सप्टेंबर १९५५ ला वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला होता. घटस्फोटाचा हक्क देणारा, खरंच मोठा कायदा. पण त्याचं कलम ९ काढून बघा: दाम्पत्याधिकारांची पुनःस्थापना. तुरुंग त्यात नाही आणि दावा नवरा-बायको दोघांनाही लावता येतो, पण कल्पना तीच. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं, १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वैध ठरवलं. ज्यांच्याकडून हे घेतलं त्या इंग्लंडने १९७० च्या कायद्याने हा दावाच बंद केला. आपल्याकडे कलम अजून आहे.

जुन्या सिस्टीममध्ये असा कोड सापडतो. कोणी लिहिला माहीत नाही, मूळ प्रॉडक्टमधून केव्हाच काढलाय, पण आपल्याकडे हात लावायची कुणाची हिंमत नाही. तिथे फार तर सर्व्हर बसतो. इथे एखाद्या माणसाला ‘जा, त्या घरात राहा’ असं कोर्टाकडून सांगितलं जातं.

असो. लग्नाच्या नोंदणीला आपण ‘आय अ‍ॅग्री’ दाबल्यासारख्या सह्या करतो. मीही केली. एकदा कलम ९ वाचून बघा. चार-पाच ओळींचंच आहे.