कामाचा खेळ : गेमिफिकेशन म्हणजे नेमके काय?

२०१९ ची दिवाळी आठवते का? गुगल पे वर पाच स्टॅम्प गोळा करणाऱ्याला २५१ रुपये मिळणार होते. चार स्टॅम्प बहुतेकांना मिळाले, 'रांगोळी' काही मिळेना. मग जो तो नातेवाइकांना मेसेज करून विचारत होता, "तुझ्याकडे जादा रांगोळी आहे का?" रक्कम तशी किरकोळच, पण एक स्टॅम्प कमी आहे हे मनाला टोचत होते.

माणसाच्या याच स्वभावाचा उपयोग कामाच्या ठिकाणी करणे म्हणजे गेमिफिकेशन. गुण, बॅज, पायऱ्या, क्रमवारी, रोजचे टार्गेट अशा खेळातल्या गोष्टी नोकरीत, शिक्षणात, धंद्यात आणायच्या. शब्द याच शतकातला, २०१० च्या सुमारास सगळीकडे पसरला. पण कल्पना जुनी. सोव्हिएत रशियात १९३५ साली स्ताखानोव्ह या खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचे जाहीर झाले. ठरलेल्या कामाच्या ते चौदापट होते. मग देशभर कामगारांची चढाओढ लावली गेली.

खेळात माणूस थकत नाही याची कारणे साधी आहेत. काय करायचे ते स्पष्ट असते, केलेले लगेच दिसते, हरलो तर पुन्हा डाव मांडता येतो. आणि सर्वात मोठी गोष्ट, खेळायचे की नाही हे आपण ठरवतो. ऑफिसात नेमके हेच शेवटचे गळून पडते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या हॉटेलांच्या लाँड्रीत मोठे स्क्रीन लावले होते. चादरी-टॉवेलचे काम कोण किती वेगाने करतो ते त्यावर नावासकट दिसे. टार्गेट गाठले तर हिरवा रंग, मागे पडले तर लाल. कामगारांनी त्याला नाव ठेवले 'इलेक्ट्रॉनिक चाबूक'. वेग कमी दिसेल म्हणून बाथरूमला जायलाही लोक कचरतात, असे २०११ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात छापून आले. दिसायला खेळच, पण यातून उठून जायची मुभा कुणाला होती?

उबरचेही तसेच. ड्रायव्हर ॲप बंद करायला गेला की आजचा आकडा गाठायला थोडेच डॉलर कमी आहेत, असा मेसेज येई. हे २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने लिहिले. आपल्याकडे मुंबई-पुण्यात डिलिव्हरीचे काम करणाऱ्या पोरांना 'अजून दोन ऑर्डर, मग इन्सेंटिव्ह' हे वेगळे समजावून सांगायला नको. घरात असा कुणी असेल तर एवढे जरूर विचारा : टार्गेट मध्येच बदलते का, आणि बदलले तर कोण सांगते?

मुलांवरचा एक प्रयोग मला शिक्षिका म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढाल तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता दिले. काहींना काहीच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच रंगीत पेन ठेवले. इनामाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले आता बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रे काढत होती. न सांगता इनाम मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नाही.

म्हणजे इनाम वाईट असे नाही. बोली लावली की आवडीचे काम मजुरी होते. कंटाळवाण्या कामात ही अडचण कमी येते, कारण तिथे मारायला आवडच नसते!

चांगले उदाहरणही आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाने 'फोल्डइट' नावाचा ऑनलाइन गेम काढला. प्रथिनाची साखळी वळवून तिची योग्य घडी शोधायची. माकडांना एड्ससारखा आजार करणाऱ्या विषाणूतल्या एका प्रथिनाची रचना वर्षानुवर्षे सुटत नव्हती. २०११ मध्ये खेळाडूंनी तिचे नेमके मॉडेल तीन आठवड्यांत तयार केले. गुण आणि क्रमवारी तिथेही होती, पण खेळाडू स्वखुशीने आले होते आणि कोडे खरे होते.

मीही एकदा पाचवीच्या वर्गात वाचनाचा स्टार तक्ता लावला होता. पुस्तक संपले की एक स्टार. पंधरा दिवसांत लायब्ररीतली सगळी बारीक पुस्तके गायब, जाडी तशीच धूळ खात! तक्ता काढला. आता शनिवारी ज्याला वाटेल त्याने उठून आपल्या पुस्तकाबद्दल दोन मिनिटे सांगायचे. सुरुवातीला वाचन कमी झाले, हे कबूल करते. हल्ली चार-पाच हात वर येतात.