वाट बदलणाऱ्याचे श्रोते



कीर्तनकाराची परीक्षा श्रोते घेतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. श्रोत्यांचीही परीक्षा होत असते, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही. काल डफावर थाप मारून शृंगार गाणारा माणूस आज देवाचे नाव घेऊन उभा राहिला, तर ऐकणाऱ्याने काय करावे? पायावर डोके ठेवावे, की हा किती दिवस टिकतो ते पाहावे? या प्रश्नाचा विचार करायला आज मी दूरचे, अमेरिकेतले उदाहरण घेतले आहे. ते आपल्या धर्माचे नाही, आपल्या भाषेचेही नाही. पण श्रोत्याचे मन सगळीकडे सारखेच चालते, म्हणून ते ऐकण्याजोगे आहे.

अ‍ॅन राइस नावाच्या लेखिका 1941 साली न्यू ऑर्लिन्स शहरात कॅथलिक घराण्यात जन्मल्या. देवळातली प्रार्थना, सणवार, संतांच्या कथा यांतच त्यांचे बाळपण गेले. आईला दारूचे व्यसन होते आणि त्यातच ती गेली. त्या वेळी मुलगी अजून शाळेत होती. पुढे कॉलेजात गेल्यावर श्रद्धा सुटली आणि देव नाही असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. कवी स्टॅन राइस यांच्याशी 1961 मध्ये लग्न झाले. मिशेल नावाची मुलगी झाली, आणि ती 1972 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिची सहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती, एवढेच तिचे वय.

या दुःखातून 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' ही कादंबरी निघाली. ती 1976 मध्ये प्रसिद्ध झाली. व्हॅम्पायर म्हणजे माणसाचे रक्त पिऊन जगणारे, दिवसा लपणारे आणि रात्री हिंडणारे पिशाच. या कादंबरीत क्लॉडिया नावाची पाच वर्षांची मुलगी आहे. पिशाच झाल्यामुळे तिचे वय तिथेच थांबते, ती कधी मोठी होत नाही. लेक गमावलेल्या आईने हे लिहिले आहे एवढे कळले, की त्या भयामागे काय होते ते वेगळे सांगावे लागत नाही. या कादंबरीमागून आणखी कादंबऱ्या आल्या आणि लाखो वाचक मिळाले. मधल्या काळात त्यांनी टोपणनावाने शृंगारिक कादंबऱ्याही लिहिल्या. 1994 मध्ये पहिल्या कादंबरीवर चित्रपट निघाला आणि भयकथांची राणी म्हणून त्यांचे नाव जगभर झाले.

याच बाई 1998 च्या डिसेंबरात आपल्या बाळपणीच्या चर्चमध्ये परत गेल्या. सुमारे अडतीस वर्षांनी. 2002 मध्ये पती वारले. त्याच सुमारास त्यांनी ठरवले, की यापुढे लेखणी येशूच्या सेवेला द्यायची. 2005 मध्ये 'क्राइस्ट द लॉर्ड : आउट ऑफ इजिप्त' हे पुस्तक आले. त्यात सात वर्षांचा येशू स्वतःच आपली गोष्ट सांगतो. घरची माणसे इजिप्तमधून नाझरेथला परत निघाली आहेत, आणि आपण कोण आहोत हे त्या मुलाला हळूहळू उमगते आहे. 2008 मध्ये 'द रोड टू केना' हा पुढचा भाग आणि त्याच वर्षी त्यांचे आत्मकथन आले.

आता श्रोत्यांकडे वळू. इथे दोन बाजूंनी दोन जमाव उभे राहिले.

पहिला जमाव जुन्या वाचकांचा. पिशाचांच्या कथांची त्यांना गोडी लागली होती. त्यातल्या लेस्टाट नावाच्या नायकावर त्यांचा जीव होता. बाईंनी आपल्याला सोडून दिले असे त्यांना वाटले. या वाचकांची धार बाईंनी आधीच अनुभवली होती. 2003 च्या पिशाचकथेवर वाचकांनी कडक टीका केली, तेव्हा त्यांनी लांबलचक उत्तर लिहिले होते आणि ज्याला पुस्तक आवडले नाही त्याने ते परत पाठवावे, मी पैसे देते, असे सांगितले होते. लेखक आणि वाचक यांचे नाते किती ताणलेले होते, ते यावरून दिसते.

दुसरा जमाव भाविकांचा. त्यांत पुष्कळांनी आनंदाने स्वागत केले. हरवलेली लेक घरी आली, असा त्यांचा भाव होता. पण काहींच्या मनात शंका होती. ज्या हाताने रक्तपिशाचे लिहिली, शृंगार लिहिला, त्या हाताने प्रभूचे चरित्र लिहावे काय? आणखी एक आक्षेप शास्त्राचा होता. बायबलातल्या शुभवर्तमानांत येशूच्या बाळपणाविषयी फार थोडे आहे. बाराव्या वर्षी तो जेरुसलेमच्या मंदिरात पंडितांमध्ये बसला होता, एवढा एक प्रसंग ठळक आहे. राइसबाईंनी बायबलाबाहेरच्या जुन्या कथाही घेतल्या. बाळयेशूने मातीच्या चिमण्या करून त्या उडवल्या, ही त्यांतली एक. हे शास्त्रात नाही, मग कादंबरीत का, असे विचारणारे होतेच.

आपण वारकरी हे वाचतो तेव्हा चटकन एक गोष्ट लक्षात येते. सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन होते, त्यात आपण काय सांगतो? गोकुळातले बाळ, त्याचे सवंगडी, शिदोऱ्यांचा काला. भागवताच्या दशम स्कंधाने आपल्याला देवाचे बाळपण भरभरून दिले, तुकोबारायांनीही बाळक्रीडा गायिली. म्हणून देवाला लेकराच्या रूपात पाहण्याचे नवल आपल्याला वाटत नाही. मला तर वाटते, की सहा वर्षांची होऊ न शकलेली लेक जिने गमावली, तिने देवाकडे परत जाताना सात वर्षांच्या मुलाचाच हात धरावा, यात नवल काहीच नाही. हा माझा विचार आहे, बाईंचे वचन नव्हे. क्लॉडियाचे वय थांबले होते, हा मुलगा मात्र वाढतो आहे, आणि दोन्ही पुस्तकांमध्ये एकाच आईचे डोळे आहेत.

बाईंनी जुनी पुस्तके टाकून दिली नाहीत, हेही भाविकांना खटकले. ती पुस्तके म्हणजे देव हरवलेल्या जीवाचा शोधच होता, असे त्या सांगत. हे नुसते समर्थन होते असे मला वाटत नाही. भयाची भाषा आपल्या संतांनाही वर्ज्य नव्हती. नाथमहाराजांच्या भारुडात भूत येते. पंढरीचा देव हेच एक मोठे भूत, ते वाटेने जाणाऱ्याला झपाटते आणि मग सोडत नाही, असे सांगण्याची आपल्या संतवाणीची तऱ्हा आहे. रात्री अंगणात भारुड रंगते तेव्हा पोरेबाळे आधी घाबरतात आणि मग हसतात. भीतीने कान उघडतात, आणि उघडलेल्या कानात कोणते नाव पडते ते महत्त्वाचे.

वाट बदलणारे आपल्याकडेही झाले. संगमनेरचे अनंत फंदी हे तमाशातले नामांकित कवी. अहिल्याबाई होळकरांनी कान उघडणी केली म्हणून त्यांनी डफ टाकला आणि कीर्तन धरले, अशी आख्यायिका आहे. सोलापूरचे राम जोशी लावणीच्या नादाने घराबाहेर पडले, पंढरपुरास जाऊन संस्कृत शिकले, आणि पुढे बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या आपल्या कीर्तनांतून त्यांनी महाराष्ट्रभर नेल्या. कीर्तनाला बसलेल्या त्या वेळच्या श्रोत्यांत कुजबुज झाली नसेल असे कोण म्हणेल? पण मोरोपंतांसारख्या विद्वान कवीने काल लावणी गाणाऱ्या गळ्यावर आपल्या आर्या सोपवल्या. पंतांची कविता घरोघर पोहोचली ती त्या गळ्याने. संशय धरून बसले असते, तर त्यात तोटा पंतांच्या वाचकांचाच झाला असता.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला सोपी आहे. हरवलेला परत आला, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, असे म्हणून आरती लावता आली असती. पण राइसबाईंची कथा तिथे संपत नाही.

2010 च्या जुलैत त्यांनी जाहीर केले, की आपण ख्रिस्ती म्हणवून घेणे सोडत आहोत. मात्र येशूवरची निष्ठा तशीच आहे, हेही त्यांनी सांगितले. समलिंगी माणसांविषयी, स्त्रियांविषयी, विज्ञानाविषयी धर्मसंस्थेच्या नावाने जो विरोध चालतो, त्यात आपल्याला सामील व्हायचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा मुलगा स्वतः समलिंगी आहे. पुढे 2014 मध्ये लेस्टाटची नवी कादंबरी आली. 2021 च्या डिसेंबरात, ऐंशीव्या वर्षी, त्या वारल्या.

आता पुन्हा दोन्ही जमाव बोलू लागले. जुने वाचक खूश झाले, आपली लेखिका परत आली म्हणून. आणि ज्या भाविकांना आधीपासून संशय होता ते म्हणाले, पाहा, आम्ही सांगत होतोच.

हे 'आम्ही सांगत होतोच' आपल्या गावांतही ऐकू येते. कोणी माळ घालतो, दोन-चार वर्षे एकादशी करतो, मग काही घडते आणि माळ उतरते. लगेच पारावर निकाल लागतो : सारे ढोंग होते. नियम मोडणे बरे, असे मी मुळीच म्हणणार नाही. माळेचा नियम हा नियमच आहे. पण तो मोडला म्हणून आधी चाललेली वाट खोटी ठरते काय? त्या चार वर्षांत त्याने घेतलेले नाव कोणी परत काढून घेऊ शकतो काय? राइसबाईंची ती दोन पुस्तके ज्या आजारी माणसाने, ज्या एकट्या बाईने वाचली आणि ज्यांना त्यातून देवाजवळ बसल्यासारखे वाटले, त्यांचे ते बसणे 2010 मुळे रद्द होत नाही.

संस्थेशी झालेल्या त्यांच्या भांडणाचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही, तो त्यांच्या धर्मबांधवांचा विषय आहे. मात्र देव आणि देवाच्या दारावरचे लोक एकच नव्हेत, हे वारकऱ्याला कोणी शिकवायला नको. चोखोबारायांना देवळाबाहेर राहावे लागले, म्हणून ते विठोबाचे नव्हते असे कोणी म्हणेल काय? ते दार साऱ्यांना उघडायला 1947 साल उजाडले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

आपल्या पंथाच्या नावातच याचे उत्तर आहे. आपण एकदा पंढरीला जाऊन आलेले लोक नव्हे. आपण वारकरी, म्हणजे वारी करणारे, फिरून फिरून जाणारे. एकदा दर्शन झाले की काम संपले, असे असते तर आषाढी झाल्यावर कार्तिकीची गरजच उरली नसती. माणूस देवाकडे वळतो तो एकदाच वळून मोकळा होत नाही. तो प्रपंचात जातो, घसरतो, रुसतो, पुन्हा निघतो. एखाद्या वर्षी वारी चुकते. पुढच्या वर्षी तो दिंडीत आला, तर मागची चूक विचारीत कोणी त्याला थांबवत नाही, वीणा आणि टाळ वाजत असतात. आणि तो आलाच नाही, तरी त्याच्या आधीच्या पावलांची धूळ वाटेवरच राहते.

म्हणून श्रोत्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात, असे मला वाटते. वळलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी संत करू नये. त्या कौतुकाचे ओझे त्याला पेलत नाही, आणि उद्या तो डगमगला तर आपलीच श्रद्धा डगमगते. आणि तो माघारी गेला म्हणून त्याने दिलेले खोटे म्हणू नये. जे शब्द आपल्या कानी पडून आपले डोळे ओले झाले, ते त्या वेळी खरेच होते. बाकीचा हिशेब विठोबा पाहील. आपण एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा समोरच्याने माळ किती वर्षे घातली आहे, हे कुठे विचारतो?

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल.