कॉन्कॉर्ड : नांव आणि उच्चार

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत एक स्थळ आहे. तेथील मूळ रहिवासी त्यास ‘मस्केटाक्विड’, म्हणजे गवताळ भूमीची नदी, म्हणत. १६३५ सालीं इंग्रज वसाहतवाल्यांनीं तेथें गांव वसविलें आणि त्याचें नांव ‘कॉन्कॉर्ड’, म्हणजे सलोखा, असें ठेविलें. जमीन शस्त्रानें नव्हे, मोबदला देऊन घेतली, याचें तें स्मारक, असें सांगतात. मोबदला कितपत न्याय्य होता, हें नांवावरून थोडेंच कळतें! पुढें १७७५ च्या १९ एप्रिलला याच सलोख्याच्या गांवीं, नदीवरील पुलापाशीं, वसाहतवाल्यांनीं इंग्रज फौजेवर गोळ्या झाडल्या. आपण अक्षरें पाहून ‘कॉन्कॉर्ड’ म्हणतों; गांवकरी मात्र ‘कॉन्कर्ड’ म्हणतात, आणि कानाला तो ‘जिंकलेलें’ या अर्थाचा इंग्रजी शब्दच वाटतो. मस्केटाक्विडच्या लोकांना हाच उच्चार अधिक पटला असता.