'रणजी' या चित्राच्या मूळ प्रती व नकला

१. क्रिकेटपटू रणजितसिंहजींचे हे चित्र लेस्ली वॉर्ड यांनी 'स्पाय' या टोपणनावाने काढले असून ते लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' या साप्ताहिकाच्या २६ ऑगस्ट १८९७ च्या अंकासोबत प्रसिद्ध झाले. ते रंगीत शिळामुद्रणाने, म्हणजे प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करून त्यांचे ठसे एकाच कागदावर एकामागून एक घेऊन छापलेले असल्यामुळे, मूळ प्रतीत भिंगाखाली रंगाचे ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, कुठे दाट तर कुठे विरळ दिसतात. उलट ऑफसेटवर काढलेल्या नकलेत चार शाईंचे ठिपके ठरावीक कोनांत रांगेने बसून बारीक जाळी तयार करतात आणि गालावरची छटाही त्या जाळीतूनच उमटलेली असते. तळाच्या अक्षरांकडेही पाहावे, कारण मुळात सलग शाईची असलेली ही अक्षरे नकलेत पुष्कळदा कडेला ठिपक्यांनी फुटलेली आढळतात. कागदावरची तारीख मात्र पुरावा म्हणून निरुपयोगी आहे (विक्रेते आधी तिच्याकडेच बोट दाखवतात), कारण संपूर्ण पानाचे छायाचित्र घेतले की तारीख, मथळा आणि मुद्रकाचे नाव आपोआपच नकलेत येतात. कागदाचा पिवळेपणा तर चहाच्या पाण्यानेही आणता येतो. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कागदात सर्रास मिसळली जाऊ लागलेली शुभ्रताकारक रसायने अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात आणि १८९७ च्या कागदात ती असणे शक्य नाही.